संस्थापकाला ‘नाही’ कोण म्हणणार?

सप्टेंबर २०२४ मध्ये नवउद्योगांचे अमेरिकी गुंतवणूकदार पॉल ग्रॅहम यांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला आणि तंत्रज्ञान उद्योगातल्या एका जुन्याच वादाला नव्याने तोंड फुटले. प्रवाशांना घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीचे सहसंस्थापक ब्रायन चेस्की यांच्या एका भाषणाचा आधार घेऊन ग्रॅहम यांनी मांडलेला मुद्दा थोडक्यात असा होता : कंपनी वाढू लागली की ‘चांगली माणसे नेमा आणि त्यांना मोकळीक द्या’ असा सल्ला संस्थापकाला सगळीकडून मिळतो. हा सल्ला मुळात पगारी व्यवस्थापकांच्या अनुभवातून आलेला असून तो पाळणाऱ्या संस्थापकांच्या कंपन्या बिघडतात. संस्थापकाने तपशिलात उतरावे, खालच्या फळीशी थेट बोलावे, आपली रीत सोडू नये. पुढच्या काही आठवड्यांत या विषयावर दोन तट पडले. पहिल्या तटाच्या मते संस्थापक हा एक विलक्षण प्राणी असून त्याला मोकळे सोडले की कंपनी तरते. दुसऱ्याच्या मते संस्थापक हा हट्टी, अपरिपक्व माणूस असून वेळ येताच त्याला बाजूला करून जाणत्या व्यवस्थापकाला बसवणे यातच शहाणपण असते. दोन्ही तटांकडे आपापल्या नायकांची आणि खलनायकांची यादी तयार आहे आणि वाद बहुतेक वेळा या याद्यांच्या देवाणघेवाणीपुरताच उरतो.

माझ्या मते हा वाद चुकीच्या जागी चालला आहे. संस्थापकाचा स्वभाव कसा असावा, त्याने किती तपशिलात शिरावे, हे प्रश्न दुय्यम आहेत. मुख्य प्रश्न असा की वाईट बातमी त्याच्यापर्यंत वेळेत पोचते का, आणि त्याला ‘नाही’ म्हणू शकेल असे कोणी कंपनीच्या रचनेत शिल्लक आहे का. ही सोय असेल तेव्हा हट्टी संस्थापकही मोठे काम करून जातो. नसेल तेव्हा सौम्य, समंजस माणूसही कंपनी खड्ड्यात घालू शकतो. पगारी मुख्याधिकाऱ्यालाही हेच लागू आहे, फरक इतकाच की त्याला काढून टाकण्याची व्यवस्था सहसा आधीपासून असते. संस्थापकाच्या बाबतीत ती असेलच असे नाही, आणि गेल्या वीस वर्षांत ती अनेक ठिकाणी जाणीवपूर्वक काढून टाकण्यात आली आहे.

संस्थापकांच्या बाजूने जे सर्वात सबळ म्हणणे आहे ते आधी मान्य करतो. अ‍ॅपलचे उदाहरण इतके वापरले गेले आहे की ते नको वाटते, पण त्याला टाळूनही जाता येत नाही. जॉन स्कली १९८३ मध्ये पेप्सिको सोडून अ‍ॅपलमध्ये आले, १९८५ मध्ये त्यांच्याशी झालेल्या संघर्षानंतर स्टीव्ह जॉब्ज बाहेर पडले आणि पुढच्या दशकात अनुभवी व्यवस्थापकांच्या हाताखाली कंपनीची उत्पादने वाढत गेली, अर्थ मात्र हरवत गेला. जॉब्ज १९९७ मध्ये परतले आणि त्यांनी उत्पादनांची यादी निर्दयपणे छाटून चार प्रकारांवर आणली. बाहेरून आलेल्या व्यवस्थापकाला हे का जमले नाही? कारण कोणती गोष्ट कंपनीचा गाभा आहे आणि कोणती केवळ साचत गेलेली सवय, हे ओळखायला ती गोष्ट मुळात का सुरू झाली हे ठाऊक असावे लागते. शिवाय जुना निर्णय मोडण्याचा नैतिक अधिकारही लागतो. पगारी अधिकाऱ्याने संस्थापकाचा प्रकल्प बंद केला तर ते बंड वाटते, संस्थापकाने स्वतःचाच प्रकल्प बंद केला तर ती दुरुस्ती ठरते. चिप बनवणाऱ्या एन्व्हिडियाचे सहसंस्थापक जेन्सन हुआंग १९९३ पासून आजतागायत आपल्या कंपनीच्या प्रमुखपदी आहेत आणि डझनावारी वरिष्ठ सहकारी मधल्या पायऱ्या न ठेवता थेट त्यांच्याशी बोलतात. व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाला हे पटणारे नाही, पण कंपनीला त्याचा तोटा झाला असे कोणी म्हणू शकणार नाही.

इतके मान्य करूनही एक अडचण उरते. १९८५ ते १९९७ या काळात हेच जॉब्ज एका दुसऱ्या कंपनीचे संस्थापक होते. नेक्स्टमध्ये त्यांना अडवणारे कोणी स्कली नव्हते. कारखाना त्यांना हवा तसा, स्वयंचलित आणि देखणा, उभा राहिला. संगणक त्यांच्या मनाजोगता, काळा घन, १९८८ मध्ये बाजारात आला. किंमत मात्र ६,५०० डॉलर ठेवावी लागली, आणि ज्या विद्यापीठांसाठी तो बनवला होता त्यांना याच्या निम्म्यापर्यंतचाच संगणक हवा होता. बरोबर आलेले सहसंस्थापक एकेक करून बाहेर पडत गेले आणि १९९३ मध्ये यंत्रे बनवणेच बंद करावे लागले. तपशिलात उतरण्याची, सगळे स्वतः पाहण्याची ती प्रसिद्ध रीत नेक्स्टमध्ये अ‍ॅपलपेक्षा कमी नव्हती. मग फरक कशाने पडला? काही अंशी वयाने आणि अपयशाने, हे उघड आहे. पण दुसऱ्या खेपेच्या अ‍ॅपलमध्ये असे लोकही होते जे त्यांच्याशी वाद घालून जिंकत. आयपॉड विंडोज संगणकावर चालू द्यायला जॉब्ज तयार नव्हते. सहकाऱ्यांनी तो विरोध दीर्घकाळ लढून मोडला. आयफोनवर बाहेरच्यांनी बनवलेली अ‍ॅप चालू देण्यालाही त्यांचा आरंभी नकार होता. फिल शिलर यांच्यासारखे सहकारी आणि आर्ट लेव्हिन्सन यांच्यासारखे संचालक मागे लागले आणि जुलै २००८ मध्ये अ‍ॅप स्टोअर सुरू झाले. या दोन निर्णयांशिवाय अ‍ॅपल आजची अ‍ॅपल झाली असती का? परतल्यावर त्यांनी संचालक मंडळ जवळजवळ पूर्ण बदलून आपल्या पसंतीचे बसवले होते हेही खरे. म्हणजे ‘नाही’ म्हणणारे प्रतिस्पर्धी किंवा शत्रू असण्याची गरज नसते. त्यांना विषय कळत असावा आणि बोलण्याची किंमत नोकरीने मोजावी लागू नये, एवढे पुरते.

या साऱ्याची सर्वात बोलकी साक्ष संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. हेन्री फोर्ड यांची पहिली कंपनी १९०१ मध्ये बुडाली आणि दुसरीतून भांडवलदारांशी न पटल्याने ते १९०२ मध्ये बाहेर पडले. तीच कंपनी पुढे कॅडिलॅक झाली. १९०३ मधली तिसरी फोर्ड मोटर कंपनी टिकली, आणि तिच्या टिकण्यात जेम्स कझन्स या हिशेबी, तापट भागीदाराचा वाटा मोठा होता. कझन्स पैसा, विक्री आणि वितरण बघत आणि फोर्ड यांना तोंडावर विरोध करीत. १९०८ मध्ये आलेली मॉडेल टी ही फोर्ड यांच्या हट्टाचीच निर्मिती होती : एकच मोटार, सर्वांसाठी, दरवर्षी अधिक स्वस्त. आजच्या भाषेत ती संस्थापकाची दृष्टी, आणि ती शंभर टक्के बरोबर होती. कझन्स यांनी १९१५ मध्ये व्यवस्थापनातून अंग काढून घेतले. १९१९ मध्ये फोर्ड कुटुंबाने बाकीच्या सर्व भागधारकांचे शेअर दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊन विकत घेतले. त्या क्षणी फोर्ड यांना हवे ते मिळाले. प्रश्न विचारणारा भागधारक उरला नाही, लाभांश मागणारा उरला नाही, न्यायालयात खेचणारा उरला नाही. विल्यम नुडसेन हे उत्पादनातले कर्तबगार अधिकारी १९२१ मध्ये बाहेर पडले आणि जनरल मोटर्समध्ये जाऊन शेव्हरोलेचे प्रमुख झाले. ग्राहकांना आता रंग, आराम आणि नवेपणा हवा होता; तो शेव्हरोले देऊ लागली. १९२६ च्या आरंभी अर्नेस्ट कान्झलर या अधिकाऱ्याने अत्यंत आदबीने एक टिपण लिहून मॉडेल टीचे दिवस भरले असल्याचे फोर्ड यांना कळवले. काही महिन्यांत त्यांची नोकरी गेली. १९२७ मध्ये, दीड कोटी मोटारी बनवून झाल्यावर, मॉडेल टी बंद करावीच लागली. बदली मोटार तयार नसल्याने कारखाने कित्येक महिने ठप्प राहिले आणि त्याच वर्षी शेव्हरोले पुढे निघून गेली.

फोर्ड यांचा स्वभाव १९०८ मध्ये आणि १९२६ मध्ये एकच होता. किंबहुना ज्या हट्टाने मॉडेल टी घडवली त्याच हट्टाने ती वेळेवर मरू दिली नाही. म्हणून ‘संस्थापकाला मोकळे सोडा’ किंवा ‘संस्थापकाला आवरा’ यांपैकी कोणताही उपदेश या कथेतून निघत नाही. बदलले ते भोवतालचे लोक आणि भागभांडवलाची रचना. दरवेळी एकेक माणूस गेला, दरवेळी जाण्याला काही ना काही समर्थनीय कारण होते, आणि शेवटी जे सगळ्या विक्रेत्यांना दिसत होते ते सांगणाऱ्याला बाहेरचा रस्ता दाखवला गेला.

व्यवस्थापकवाद्यांचे म्हणणेही पोकळ नाही. सँडी लर्नर आणि लिओनार्ड बोसॅक यांनी १९८४ मध्ये संगणक-जाळ्यांची उपकरणे बनवणारी सिस्को सुरू केली. १९९० मध्ये, कंपनीचे शेअर बाजारात येऊन काही महिने होतात तोच, लर्नर यांना काढून टाकण्यात आले आणि बोसॅकही त्यांच्यामागोमाग गेले. दहा वर्षांनी, मार्च २००० मध्ये, सिस्को काही काळ जगातली सर्वाधिक बाजारमूल्याची कंपनी होती. संस्थापकांवाचून कंपनी मरते असे मानणाऱ्यांनी या उदाहरणापाशी थोडे थांबावे. संस्थापकांचे अभ्यासक नोम वॉसरमन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २१२ अमेरिकी स्टार्टअप तपासल्या होत्या. कंपनी तीन वर्षांची होईपर्यंत निम्मे संस्थापक मुख्याधिकारी उरले नव्हते, शेअर बाजारात प्रवेश करताना २५ टक्क्यांहूनही कमी त्या पदावर होते आणि पायउतार होणाऱ्या पाचांपैकी चौघांना ते भाग पडले होते. म्हणजे ज्या संस्थापकांच्या चरित्रांवर आपण चर्चा करतो ते मुळात अपवाद आहेत. आणि यात सरसकट अन्याय आहे असेही नाही. पहिले उत्पादन घडवायला लागणारी बुद्धी आणि दोन हजार माणसांची भरती, पगार, करार, तक्रारी हाताळायला लागणारी बुद्धी एकाच डोक्यात असेल असा निसर्गाचा काही नियम नाही.

परंतु ही बाजू एक गोष्ट सोयीस्करपणे विसरते. संस्थापकाला हटवण्याचा निर्णय घेणारा गुंतवणूकदार तटस्थ पंच नसतो. नवउद्योगांत जोखमीचा पैसा लावणाऱ्या व्हेंचर कॅपिटल फंडाची मुदत साधारण दहा वर्षांची असते. त्यातल्या बहुतेक कंपन्या बुडतात किंवा जेमतेम तरतात आणि एकदोन कंपन्यांच्या प्रचंड यशावर सगळ्या फंडाचा परतावा उभा असतो. या हिशेबात हळूहळू वाढणारी, नफा कमावणारी, मध्यम आकाराची कंपनी जवळजवळ बुडालेल्या कंपनीइतकीच निरुपयोगी ठरते. गुंतवणूकदाराकडे तीस कंपन्या असतात, संस्थापकाकडे एक. एकाला जी जोखीम गणिताने परवडते ती दुसऱ्याला आयुष्याने परवडत नाही. त्यामुळे ‘नव्या टप्प्याला नवे नेतृत्व हवे’ या शहाण्या वाक्यामागे अनेकदा फंडाचे घड्याळ असते. शिवाय गुंतवणूकदार नेहमी लगामच घालतो हेही खोटे. कार्यालयाची जागा भाड्याने देणाऱ्या वुईवर्कचे सहसंस्थापक अ‍ॅडम न्यूमन यांच्यावर २०१७ मध्ये सॉफ्टबँक या जपानी गुंतवणूकदार कंपनीने अब्जावधी डॉलर ओतले ते त्यांना आवरण्यासाठी नव्हेच. जानेवारी २०१९ मध्ये ४७ अब्ज डॉलर मूल्य सांगितलेल्या या कंपनीची शेअर विक्रीसाठीची कागदपत्रे ऑगस्टमध्ये जनतेसमोर आली, सप्टेंबरमध्ये न्यूमन पायउतार झाले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. इतकी वर्षे संचालक मंडळ, लेखापरीक्षक, नामांकित बँका सगळे जागेवर होते. ‘नाही’ म्हटले ते कागदपत्रे वाचणाऱ्या अनोळखी लोकांनी.

आता संस्थापकाच्या रोजच्या कामाकडे येऊ, कारण या वादात ज्याची सर्वात कमी चर्चा होते ते हेच. संस्थापकाचे काम दिवसभर खात्री विकण्याचे असते. गुंतवणूकदाराला त्याला सांगायचे असते की बाजार मोठा आहे. चांगली नोकरी सोडून येणाऱ्या अभियंत्याला सांगायचे असते की कंपनी टिकेल. पहिल्या मोठ्या ग्राहकाला सांगायचे असते की उत्पादन तयार आहे. आणि महिन्याच्या शेवटी सर्वांसमोर उभे राहून सांगायचे असते की आपण योग्य मार्गावर आहोत. यातले एकही विधान त्या दिवशी पूर्ण खरे नसते, पण अगदी खोटेही नसते, कारण ती विधाने पटली तरच ती खरी होण्याची शक्यता निर्माण होते. भविष्याचा असा आगाऊ उच्चार हा या व्यवसायाचा अटळ भाग आहे आणि त्याला सरसकट फसवणूक म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण त्याचा परिणाम भोवतालच्या माणसांवर होतो. ज्याच्या तोंडून सतत विश्वासच ऐकू येतो त्याच्यापाशी शंका घेऊन कोण जाईल? प्रकल्प ‘नव्वद टक्के पूर्ण’ असल्याचे तीन महिने सांगितले जाते. नाराज ग्राहक तक्रार न करता कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी निघून जातो. पडद्यावर दिसणारे आकडे निवडलेले असतात ते ज्यांची कामगिरी त्यावरून मोजली जाणार त्यांनीच. राजा बोले दळ हाले हा अनुभव तर दहा माणसांच्या कंपनीतही येतो. संस्थापकाने जिन्यात सहज काढलेला उद्गार आदेश समजून कोणीतरी दोन आठवडे खपतो आणि संस्थापकाला वाटते कंपनी आपोआप आपल्या मनासारखी चालली आहे. वाईट बातमी अखेर पोचते ती बँकेतल्या शिलकीतून, खर्चाचा वेग पाहता किती महिने उरले याच्या हिशेबातून, म्हणजे जेव्हा तिच्यावर करण्यासारखे फार थोडे उरलेले असते तेव्हा.

तपशिलात उतरणे हा यावरचा उपाय आहे असे संस्थापकवादी म्हणतात, आणि अर्धा मुद्दा त्यांचा बरोबर आहे. मधल्या चार पायऱ्या ओलांडून थेट काम करणाऱ्याशी बोलले तर गाळणी कमी होते. पण थेट बोलणे आणि खरे ऐकायला मिळणे यांत अंतर आहे. रक्ततपासणीची नवी यंत्रे आणल्याचा दावा करणाऱ्या थेरानोसच्या एलिझाबेथ होम्स आपल्या कंपनीपासून मुळीच दूर नव्हत्या. १९ व्या वर्षी, २००३ मध्ये, त्यांनी ती सुरू केली आणि तिचा कोपरान्‌कोपरा त्यांच्या ताब्यात होता. संचालक मंडळावर जॉर्ज शुल्ट्झ, हेन्री किसिंजर यांच्यासारखी नावे होती, मात्र प्रयोगशाळेतल्या रक्ततपासणीचे शास्त्र जाणून उलटतपासणी घेईल असे कोणी जवळजवळ नव्हते. खुद्द शुल्ट्झ यांचा नातू तिथे नोकरीला होता. निकाल विश्वासार्ह नसल्याचे त्याने आजोबांना सांगितले आणि आजोबांनी कंपनीवर विश्वास ठेवला. ऑक्टोबर २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने ते प्रकरण बाहेर काढेपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ ज्या तपासण्या होत राहिल्या त्या खऱ्या रुग्णांच्या होत्या. जानेवारी २०२२ मध्ये होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरल्या. इथे कोणी म्हणेल की हा गुन्ह्याचा विषय आहे, नेतृत्वाचा नाही. मला ती सीमारेषा इतकी स्वच्छ दिसत नाही. जी खात्री प्रत्येक संस्थापक विकतो ती तपासणारे कोणी नसले की किती दूर जाऊ शकते, हे या प्रकरणात दिसते.

सर्वात कठीण आक्षेप पुढे आहे. ‘नाही’ म्हणणाऱ्यांचे ऐकले असते तर धाडसी निर्णय झालेच नसते, असे म्हणतात. २००६ मध्ये याहूने फेसबुकसाठी एक अब्ज डॉलर देऊ केले तेव्हा मार्क झुकेरबर्ग २२ वर्षांचे होते आणि भोवतालच्या अनुभवी मंडळींचा कल विकण्याकडे होता. त्यांनी नकार दिला, आणि तो देता आला कारण नियंत्रण त्यांच्या हाती होते. मग या सल्लागारांना नकाराधिकार असता तर? हा मुद्दा मला निरुत्तर करत नसला तरी अडवतो नक्कीच. पण पुढचे पाहा. त्याच नियंत्रणाच्या बळावर त्यांनी २०२१ च्या सुमारास आभासी विश्वावर (मेटाव्हर्स) पैसा लावला. त्या विभागाचा तोटा २०२१ मध्ये १० अब्ज डॉलरच्या वर होता, २०२२ मध्ये तो १३ अब्जांच्या पलीकडे गेला. मतदानाचे हक्क असे बांधलेले होते की कोणताही भागधारक काही करू शकत नव्हता. सप्टेंबर २०२१ ते नोव्हेंबर २०२२ या काळात शेअरची किंमत तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळली, तेव्हा ११ हजार कर्मचारी एका फटक्यात कमी करण्यात आले आणि झुकेरबर्ग यांनी जबाबदारी आपली असल्याचे सांगितले. जबाबदारी स्वीकारणाऱ्याचे पद, हक्क आणि सत्ता होती तिथेच राहिली. नोकऱ्या इतरांच्या गेल्या. कंपनी पुढे सावरली, हे खरे आहे. मला इतकेच म्हणायचे आहे की बाजाराने जे क्रूरपणे आणि उशिरा सांगितले ते सांगण्याची दुसरी, अधिक स्वस्त वाट त्या रचनेत उरलेली नव्हती. आणि २००६ मध्येही सल्लागारांनी विरोध मोकळेपणाने मांडला होता. ‘नाही’ ऐकून घेऊन त्याविरुद्ध जाणे हे नेतृत्व असू शकते. ते ऐकूच येणार नाही अशी व्यवस्था करणे हे काही वेगळेच झाले.

याउलट, कागदावरचा अधिकारही पुरेसा नसतो. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या संचालक मंडळाने सहसंस्थापक सॅम ऑल्टमन यांना काढले. ते मोकळेपणाने माहिती देत नाहीत एवढेच मोघम कारण दिले आणि तपशील दिला नाही. सुमारे ७७० पैकी ७०० हून अधिक कर्मचाऱ्यांनी सोडून जाण्याची धमकी देणाऱ्या पत्रावर सह्या केल्या. पाच दिवसांत ऑल्टमन परत आले आणि गेले ते मंडळातले बहुतेक सदस्य. नियंत्रणाची इतकी विचारपूर्वक केलेली रचना तंत्रज्ञान उद्योगात क्वचितच असेल, तरी ती पहिल्याच वापरात मोडली. कारण सांगता न येणारा नकार हा नकारच राहत नाही, तो डाव ठरतो. आणि ज्या कर्मचाऱ्यांच्या शेअरचे मूल्य संस्थापकाच्या राहण्यावर अवलंबून होते त्यांच्याकडून तटस्थतेची अपेक्षा कशी करणार?

हे सारे संस्थापकाच्या विरोधात आहे असे कोणाला वाटत असेल तर त्याने जेम्स वॉट यांची आठवण ठेवावी. आधीचे भागीदार जॉन रोबक दिवाळखोर झाल्यावर वाफेच्या इंजिनातला त्यांचा हिस्सा मॅथ्यू बोल्टन यांच्याकडे आला आणि १७७५ पासून बोल्टन आणि वॉट ही भागीदारी सुरू झाली. व्यवहाराचा वॉट यांना इतका तिटकारा होता की सौदा करण्यापेक्षा भरलेल्या तोफेसमोर उभे राहणे आपण पत्करू, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. खाणीतले पाणी उपसणाऱ्या इंजिनावर न थांबता चाक फिरवणारे इंजिन करा, असा तगादा बोल्टन यांनी १७८१ मध्ये लावला, कारण गिरण्यांकडून येणारी मागणी त्यांना दिसत होती. तो तगादा नसता तर ते इंजिन कापडगिरण्यांत इतक्या लवकर पोचले नसते. उच्च दाबाच्या वाफेबाबत मात्र वॉट यांचा विरोध शेवटपर्यंत कोणी मोडू शकले नाही आणि ते काम दुसऱ्यांनी केले. एकाच माणसाच्या आयुष्यात मान्य झालेला आणि मान्य न झालेला आग्रह, दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. भागीदाराचा नकार संस्थापकाला छोटा करतो हे तर खोटेच आहे. बोल्टन यांच्यामुळेच वॉट मोठे झाले.

काही वेळा तो दुसरा आवाज संस्थापकाला स्वतःच काढावा लागतो. १९८५ मध्ये इंटेलचा मेमरी चिपचा मूळ धंदा जपानी कंपन्यांपुढे खचत चालला होता. तेव्हा अँडी ग्रोव्ह यांनी सहसंस्थापक गॉर्डन मूर यांना विचारले : आपल्याला काढून मंडळाने नवा मुख्याधिकारी आणला तर तो काय करील? मूर यांचे उत्तर तात्काळ होते की तो मेमरीतून बाहेर पडेल. मग तेच आपण का करू नये, असा प्रश्न उरला, आणि त्यांनी ते केले. यातली बारीक गोष्ट अशी की उत्तर मूर यांना आधीपासून ठाऊक होते. ते उच्चारण्यासाठी समोर प्रश्न विचारणारा ग्रोव्ह लागला. १९९६ च्या सुमारास जेन्सन हुआंग यांनी आपली ग्राहक असलेल्या सेगा या व्हिडिओ गेम कंपनीच्या प्रमुखाकडे जाऊन, आपण ज्या तंत्रावर चिप बनवत आहोत तेच चुकले आहे, कराराचे काम पूर्ण करण्यात अर्थ नाही आणि तरीही पैसे मिळाले नाहीत तर कंपनी संपेल, असे सांगितले. पैसे मिळाले, आणि १९९७ च्या नव्या चिपपर्यंत कंपनी तगली. अशी कबुली ग्राहकापुढे देता येण्याआधी ती कंपनीच्या आत कोणीतरी कोणाला तरी दिलेली असावी लागते.

आता हा प्रश्न खासगी का नाही हेही पाहिले पाहिजे. स्टार्टअपमधले कर्मचारी कमी पगार आणि शेअरचे आश्वासन यांवर वर्षे घालवतात. २०१८ मध्ये फॅनड्यूल ही ऑनलाइन क्रीडाखेळांची कंपनी पॅडी पॉवर बेटफेअर या सट्टा कंपनीकडे गेली तेव्हा तिचे मूल्य ४६.५ कोटी डॉलर धरले होते. पण अग्रहक्क असलेल्या गुंतवणूकदारांचे पैसे आधी वळते झाले आणि संस्थापकांच्या व कर्मचाऱ्यांच्या साध्या शेअरला काहीच मिळाले नाही. संस्थापक न्यायालयात गेले. सामान्य कर्मचाऱ्याला आपल्या कागदाच्या पुढे कोण रांगेत उभा आहे हे माहीतही नसते. उबरमधल्या छळाच्या तक्रारींवर मानव संसाधन विभागाने वर्षभर काही केले नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुझन फाउलर यांनी तो अनुभव जाहीरपणे लिहिल्यावर चार महिन्यांत सहसंस्थापक आणि प्रमुख ट्रॅव्हिस कॅलॅनिक यांना गुंतवणूकदारांनी पायउतार व्हायला लावले. नोकरी सोडून गेलेल्या एका अभियंतेने सार्वजनिक लेख लिहावा तेव्हाच वाईट बातमी वर पोचावी, हे कोणत्याही कंपनीच्या संदेशवहनाचे प्रशस्तिपत्र नाही.

मग करावे काय? सुरुवातीच्या वर्षांत संचालक मंडळ नावापुरतेच असते, त्यामुळे तिथे सहसंस्थापक हाच खरा अंकुश. सहसंस्थापकांचे शेअर चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळावेत हा रूढ नियम चांगला आहे, पण वादानंतर बाहेर पडणाऱ्याचे सर्व काही बुडेल अशी अट त्यात घातली की अंकुश बोथट होतो. गुंतवणूक आली की निदान एक संचालक असा असावा ज्याला या व्यवसायाचे तंत्र कळते आणि ज्याचा पैसा त्यात नाही. त्याने संस्थापकाच्या गैरहजेरीत वरिष्ठ अधिकाऱ्यांशी नियमित बोलावे. याने वेग कमी होतो, हा आक्षेप थोडासा खरा आहे आणि ती किंमत मोजावी असे मला वाटते.

कंपनी जनतेचा पैसा घेऊ लागली की मात्र मुद्दा संस्थापकाच्या मर्जीवर सोडता येत नाही. गुगलने २००४ मध्ये एका शेअरला दहा मते देणारा वेगळा वर्ग ठेवला. २०१७ मध्ये स्नॅपचॅटवाल्या स्नॅपने तर जनतेला विकलेल्या शेअरना एकही मत ठेवले नाही. त्यावर त्याच वर्षी शेअर बाजाराचे निर्देशांक ठरवणाऱ्या एस अँड पीने अशा बहुवर्गीय कंपन्यांना आपल्या प्रमुख निर्देशांकांत नव्याने प्रवेश बंद केला, आणि २०२३ मध्ये ती बंदी उठवली. बंदी आणि मोकळीक यांच्यामधला एक मार्ग अमेरिकेतल्या संस्थात्मक गुंतवणूकदारांच्या परिषदेने सुचवलेला आहे : असे जादा हक्क सात वर्षांत संपावेत आणि वाढवायचे असतील तर भागधारकांच्या मताने वाढवावेत. दूरदृष्टीच्या संस्थापकाला तिमाही निकालांच्या दडपणापासून संरक्षण हवे, हा युक्तिवाद मान्य केला तरी सात वर्षे म्हणजे अठ्ठावीस तिमाही होतात. मुदत सरताना त्याच संस्थापकाला भागधारकांनी तेच हक्क पुन्हा दिले तर कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. त्यासाठी त्याला त्यांच्यापुढे येऊन मागावे मात्र लागेल.